सूर्य बी हालतो

दैठणकर सरांना आकाशातलं सगळं माहीत होतं. आकाश तेवढं दिसत नव्हतं. दिवेलागणीची वेळ झाली की त्यांच्या डोळ्यांपुढं पडदा पडायचा आणि तो उजाडेपर्यंत उठायचा नाही. याला आपल्याकडं रातांधळेपणा म्हणतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. सरांचा मात्र ठाम समज होता की ही गोष्ट त्यांना आणि त्यांच्या बायकोलाच माहीत आहे. एका माणसाचा असा समज वर्षानुवर्षं टिकवायचा म्हणजे सगळ्या गावाला थोडे कष्ट पडतात. गावानं ते बिनतक्रार घेतले.

गावाचं नाव मी सांगणार नाही. परभणीहून झरीकडं जाणाऱ्या एस.टी.नं मी तिथं रोज जायचे, एवढं पुरे. संस्थेच्या अध्यक्षांची नातवंडं अजून तिथं आहेत आणि त्यातलं एक वकील आहे. तिथल्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचे आणि दैठणकर सर विज्ञान. आमच्या दोन वर्गांमध्ये एकच पातळ भिंत होती, त्यामुळं माझ्या पोरांच्या कवितेत अधूनमधून गुरुत्वाकर्षण यायचं.

सर अंगानं काडी. वारा सुटला की आम्ही त्यांना खिडकीपासून लांब बसवायचो. खमिसाच्या वरच्या खिशात पेन आणि खालच्या खिशात सूर्यमाला. म्हणजे एक गावरान बोर आणि एक ज्वारीचा दाणा. बोर म्हणजे गुरू आणि ज्वारीचा दाणा म्हणजे आपली पृथ्वी. सूर्यासाठी शाळेमागच्या मळ्यातला भोपळा मागून आणायचे. तास संपला की गुरू खाऊन टाकायचे आणि पृथ्वी जपून परत खिशात ठेवायचे. बोरांचा हंगाम सरला की गुरूच्या जागी लिमलेटची गोळी यायची. ती मात्र शेवटच्या बाकावरचं पोरगं खायचं, कारण सरांचे दात ठणकायचे.

त्यांचं एक पालुपद होतं, "दिसत न्हाई म्हणून नसतंय व्हय?" ते कशालाही लावायचे. मी संध्याकाळी फाट्यावर उभी राहून म्हणायचे, "सर, पाचची गाडी काही दिसत नाही." ते म्हणायचे, "दिसत न्हाई म्हणून नसती व्हय, बाई?" आणि गाडी खरोखरच रद्द झालेली असायची.

अशीच एकदा गाडी चुकली म्हणून मी त्यांच्याकडं मुक्कामाला राहिले. त्यांच्या बायकोचं नाव शेवंताबाई. चांगल्या उंच, हाडापेरानं मजबूत आणि जिभेनं त्याहून मजबूत. सांज झाली तशी सरांनी अंगणात बाज टाकली, आभाळाकडं तोंड केलं आणि विचारलं, "शुक्राची चांदणी लागली का?"

"लागली."

"कितीक वर हाय?"

"लिंबाच्या शेंड्यावर."

"मंग तिच्या डाव्या अंगाला बारीकशी एक असंल बघ."

"हाय. सोताला दिसंना, अन् मला शाळा!" आतून भाकरी थापता थापताच उत्तर आलं. जिल्ह्यात चुलीपुढं बसून नक्षत्रं सांगू शकणारी ही एकच बाई असावी. अंधारात बाहेर पडायची वेळ आली की सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे आणि कुणी भेटलं तर म्हणायचे, "हिला वाट दावायलोय." भेटणारा मान डोलवायचा. शेवंताबाईही डोलवायच्या.

सरांच्या डोक्यात एकच किडा होता. आपल्या सूर्यासारखे तारे आभाळात ढिगानं आहेत, मग त्यांच्याभोवती ग्रह नसतील का? त्या काळी असा एकही ग्रह कुणाला सापडलेला नव्हता. ताऱ्याच्या उजेडापुढं तो दिसणार कसा? सर म्हणायचे की ग्रह बघायचाच कशाला, तारा बघा. तारा ग्रहाला ओढतो तसा ग्रहही ताऱ्याला ओढतो. आपल्या सूर्यालासुद्धा गुरू ओढतो आणि सूर्य आपल्या अंगाबाहेरच्या एका ठिकाणाभोवती डुलत फिरतो. लांबून कुणी बघितलं तर त्याला ना गुरू दिसेल, ना आपण. सूर्य डुलताना दिसेल आणि तेवढ्यावरून त्यानं ओळखावं की इथं कुणीतरी आहे.

"सूर्य बी हालतो," ते वर्गात सांगायचे. आणि पुस्तकात छापलेलं होतं, सूर्य स्थिर आहे.

आता अध्यक्षांची ओळख करून द्यायला हवी. संस्था त्यांची, जागा त्यांची, शाळेची घंटासुद्धा त्यांच्या वडिलांच्या नावाची. सगळे त्यांना अप्पासाहेब म्हणत. देह असा की खुर्चीत बसले की खुर्ची दिसायची नाही. दैठणकर सरांची नोकरी यांच्या हातात होती. सर तात्पुरते होते. एप्रिलमध्ये त्यांना कमी करायचे आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचे. अध्यक्षांनी कायम करण्याचा प्रस्ताव परभणीला पाठवला की सर कायम झाले असते. दोन पोरी लग्नाच्या, घर भाड्याचं आणि डोळे हे असे. शेवंताबाई प्रत्येक उन्हाळ्यात विचारायच्या, "औंदा तरी कायम करतेत का?" आणि सर म्हणायचे, "दिसत न्हाई म्हणून..." पुढचं त्या ऐकून घ्यायच्या नाहीत.

ते दिवस नामांतराच्या वादाचे होते. विद्यापीठाच्या नावाचा ठराव अठ्ठ्याहत्तर साली झाला आणि मराठवाड्यात दंगल पेटली. आमच्या शेजारच्या एका गावात दलितांची घरं जळाली. त्या रात्री अप्पासाहेब वाड्यावरून जागचे हालले नव्हते आणि हे ते पुढं बरीच वर्षं अभिमानानं सांगत. नावाचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. मोर्चे निघायचे, त्यांच्या विरोधात मोर्चे निघायचे. अशाच एका सभेत अप्पासाहेबांनी मारुतीच्या पारावरून जाहीर केलं, "नामांतराच्या बाबतीत आपुन तसूभर हालणार न्हाई!" टाळ्या पडल्या. निवडणूक तोंडावर होती.

त्यानंतर पंधरवड्यानं शाळेत विज्ञान दिन आला. हा दिवस नवाच निघाला होता आणि साजरा कसा करायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. सर म्हणाले, एक प्रयोग करतो. प्रमुख पाहुणे अर्थातच अप्पासाहेब. सर त्यांना म्हणाले, "साहेब, तुमी सूर्य व्हा."

अप्पासाहेबांना यात काही विशेष वाटलं नाही. "आन् तुमी?"

"मी गुरू. तुमच्या भवती फिरतो."

मास्तरानं अध्यक्षाभोवती फिरायचं ही व्यवस्था तर जुनीच होती. अप्पासाहेब खूश होऊन मैदानात उतरले. सरांनी फक्कीनं एक लहानसं वर्तुळ आखलं, त्यात त्यांना उभं केलं, त्यांचे दोन्ही हात धरले, अंग मागं टाकलं आणि पळायला सुरुवात केली. पहिल्या फेरीला अध्यक्ष हसत होते. दुसऱ्या फेरीला त्यांचं हसू गेलं. तिसऱ्या फेरीला त्यांचा उजवा पाय फक्कीच्या बाहेर आला, मग डावा आला आणि तो प्रचंड देह लहान लहान पावलं टाकत स्वतःभोवतीच डुलायला लागला.

"हालले! अध्यक्ष हालले!" पोरांनी एकच गिल्ला केला.

शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. सरांना शहाणपण नव्हतं, आनंद होता. ते पळता पळता ओरडले, "बगा! सूर्य बी हालतो!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, अध्यक्ष हालले. दुसऱ्या दिवशी विरोधी पार्टीनं तेच बोंबलत जीप फिरवली. कोणत्या बाबतीत हालले हे जीपवाल्यानं सांगितलं नाही. पारावरचं भाषण सगळ्यांच्या लक्षात होतं. अप्पासाहेब दारात आलेल्या प्रत्येकाला समजावत होते की तो गुरू ग्रह होता, आणि जितकं समजावत होते तितकं लोकांना वाटत होतं की पाणी मुरतंय.

इकडं भिंतीपलीकडून मला दहावीचा तास ऐकू येत होता. ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली सुमन नावाची मुलगी होती, प्रश्न विचारल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही. तिनं विचारलं, "सर, गुरूपेक्षा बारक्या ग्रहानं बी सूर्य हालतो का?"

"हालतो. कमी हालतो, पर हालतो."

"आन् लय बारके मिळून वढायले तर?"

सर म्हणाले, "समद्यांनी एकाच अंगानं वढाय पायजे, पोरी. मंग तर इचारूच नको."

मी माझ्या वर्गाला निबंध लिहायला सांगून भिंतीजवळच उभी होते.

निवडणूक अप्पासाहेबांनी थोडक्यात राखली, पण राग गेला नाही. त्यांनी शिक्षकांची बैठक बोलावली.

"मास्तर, पुस्तकात काय लिवलंय?"

"सूर्य स्थिर हाय, आसं लिवलंय."

"मंग तुमी पुस्तकाच्या वर हाव का?"

"न्हाई, साहेब. पर सूर्यानं पुस्तक वाचलेलं न्हाई."

आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. अप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "सोमवारी प्रार्थनेला समद्या पोरांपुढं सांगा, सूर्य हालत न्हाई. मंगळवारी तुमचा प्रस्ताव परभणीला जाईल. कायम व्हाल. न्हाईतर एप्रिल जवळच हाय."

परदेशात म्हणे एका म्हाताऱ्याला सूर्य हालत नाही असं सांगितल्याबद्दल कोंडून ठेवलं होतं. आमच्याकडं हालतो म्हटल्याबद्दल. आपण तेवढे पुढं गेलो होतो.

रविवारी मी मुद्दाम सरांकडं गेले. शेवंताबाई ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "बाई, तुमीच सांगा यांना. म्हणा की हालत न्हाई. तुमच्या म्हणण्यानं थांबणार हाय का त्यो?"

सर म्हणाले, "थांबणार न्हाई."

"मंग म्हणायला काय जातंय?"

"त्यो माझ्या भरवशावर नसंल, शेवंता. पोरं हायेत ना."

शेवंताबाईंनी सूप जोरात आपटलं. मग दाणे खाली पडले म्हणून स्वतःच गोळा करत बसल्या. मला मनातून वाटत होतं की सरांनी म्हणून टाकावं. दोन पोरींची लग्नं सूर्याच्या डुलण्यापेक्षा मोठी आहेत, असं मला त्या दिवशी वाटलं आणि आजही मी ते खोटं म्हणणार नाही.

सोमवारी प्रार्थना झाली. सर पुढं आले आणि म्हणाले, "साहेबांनी एकडाव पुन्हा उभं ऱ्हावं. न हालता त्यांनी मला फिरवलं, तर सूर्य हालत न्हाई आसं मी जन्मभर सांगीन."

अप्पासाहेबांना हे अपेक्षित असावं. ते लगेच उठले. नंतर कळलं की त्यांनी आधीच गोठ्यात गड्याचे हात धरून तालीम केली होती, आणि तालमीत दोन्ही वेळा हालले होते. आज पायात जाड बूट होते. ते वर्तुळात पाय रोवून उभे राहिले, सरांनी हात धरले, अंग मागं टाकलं आणि धावायला लागले. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला अध्यक्षांची टाच उचलली गेली, पहिल्या रांगेतून मला स्पष्ट दिसलं. आणि त्याच क्षणी अप्पासाहेबांनी हात सोडले.

सर नववीच्या पोरांवर जाऊन पडले. कोपर सोलवटलं, चष्मा लांब उडाला. अप्पासाहेब मात्र वर्तुळात दोन्ही पायांवर उभे होते.

"हाललो का?" त्यांनी विचारलं.

हेडमास्तरांनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. सर उठले. पोरानं दिलेला चष्मा त्यांनी पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वर्गात सांगतात त्याच आवाजात म्हणाले, "पोरांनो, साहेबांनी प्रयोग करून दाखवला हाय. ध्यानात ठेवा. हात सोडला, की सूर्य हालत न्हाई."

'सूर्य हालत न्हाई' एवढं ऐकून अप्पासाहेब टाळ्या वाजवायला लागले होते. मधेच त्यांचे हात थांबले. कुणी हसलं नाही. मुलींच्या रांगेत सुमन ताठ उभी होती. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला, कारण पुढच्या तासाला मला व्याकरण शिकवायचं होतं.

प्रस्ताव परभणीला गेला नाही. एप्रिलमध्ये सरांना कमी केलं. जूनमध्ये अप्पासाहेबांनी पुन्हा बोलावून घेतलं, कारण आमच्या गावात यायला दुसरा विज्ञानाचा मास्तर तयार नव्हता, असं हेडमास्तर म्हणायचे. मग दर एप्रिलला सोडायचं आणि दर जूनला धरायचं, असं सुरू राहिलं. सर वर्गात सूर्य हालतो म्हणून सांगत राहिले. अप्पासाहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही, कायमचाही काढला नाही.

अप्पासाहेबांच्या एका खोडीला मी तेव्हा फार नावं ठेवायचे. शिक्षकांच्या बैठका ते संध्याकाळीच घ्यायचे आणि थंडीच्या दिवसांत ऊन कलायला लागलं की कितीही महत्त्वाचं बोलणं चालू असलं तरी उठायचे. "चला, भूक लागली." एकदा तर स्वतःच्याच सत्काराची चर्चा अर्धी टाकून उठले. मला वाटायचं, माणूस खादाड आहे. देहाकडं बघून कुणालाही तेच वाटलं असतं. मग एका हिवाळ्यात सर तापानं घरी होते आणि त्या दिवशीची बैठक चालतच राहिली. कंदील लागले, माझी गाडी गेली, मुख्य विषय संपून किरकोळ विषय निघाले आणि अप्पासाहेबांना काही भूक लागेना. पुढच्या बैठकीला सर आले. सूर्य मावळतीला टेकला आणि अप्पासाहेब पोटावर हात ठेवून उठले. मी सरांकडं पाहिलं. ते घाईघाईनं छत्री घेऊन निघाले होते, उजेड आहे तोवर घर गाठायला.

मी हे कुणाला बोलले नाही. गावाच्या कष्टात अप्पासाहेबांचाही वाटा होता, हे मान्य करायला मला जड गेलं. शेजारच्या गावातली घरं मी विसरले नव्हते आणि या एका गोष्टीनं ती परत उभी राहणार नव्हती.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. शाळेच्या फाटकावर दुसऱ्या दिवशी कापडी फलक लागला, त्यावर 'हार्दिक स्वागत' आणि खाली अप्पासाहेबांचं नाव. सुमन तेव्हा त्याच विद्यापीठात शिकत होती. ती मुद्दाम गावी आली आणि पेढ्याचा पुडा घेऊन थेट दैठणकर सरांच्या वर्गात गेली. सरांनी पेढा खाल्ला, फलक वाचला आणि व्हरांड्यात अप्पासाहेबांना म्हणाले, "साहेब, हाललाव जनू."

अप्पासाहेब म्हणाले, "जग हाललं, मास्तर. मी हितंच हाय."

त्याच साली सर निवृत्त झाले. तात्पुरते म्हणून लागले होते, तात्पुरते म्हणूनच गेले. मी परभणीतल्या शाळेत आले.

पुढं वर्ष-दीड वर्षानं वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली, एक छोटी बातमी दिसली. मी दुपारची गाडी पकडून गावी गेले. शेवंताबाई लेकीच्या बाळंतपणासाठी राणीसावरगावला गेल्या होत्या. सर एकटेच अंगणात बसले होते. आता दिवसाही बारीक अक्षर दिसत नव्हतं. मी वाचून दाखवलं. आपल्या सूर्यासारखाच एक तारा. त्याच्याभोवती गुरूसारखा मोठा ग्रह सापडला आहे.

सरांनी माझं मनगट धरलं. "दिसला का?"

"नाही सर. ग्रह कुणाला दिसलेला नाही. तारा डुलतोय. थोडा जवळ येतो, थोडा लांब जातो. त्यावरून ओळखलं."

मनगट तसंच धरून ते म्हणाले, "फुडं वाचा."

"ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ आहे. चार दिवसांत एक फेरी पुरी करतो."

"चार दिसांत? मी तर म्हणायलो होतो, मोठा ग्रह लांब असंल. ह्यो तर पार चुलीपाशी जाऊन बसलाय!" आपलं चुकलं याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. "म्हंजी चार दिसाला दिवाळी. शेवंता म्हणंल, फराळ कुनी करायचा?" ते हसले, मग चष्मा काढून डोळे पुसले. "पुन्हा एकडाव वाचा, बाई. तारा हालला तेवढंच."

मी तेवढंच तीनदा वाचलं.

नको नको म्हणत असताना सर मला फाट्यावर पोचवायला आले. गाडी नेहमीसारखी उशिरा होती. ऊन गेलं, सांज दाटली. शेवंताबाई नाहीत, मग हे परत कसे जाणार? सर तोंड वर करून बोलत होते आणि बोलताना माझ्यापासून जरा बाजूला बघत होते. गाडी आली. मी जावं की थांबावं ते सुचेना.

तेवढ्यात फाट्यावरच्या हॉटेलाच्या बाकड्यावरून काठी वाजली. अप्पासाहेब उठत होते. फार थकले होते, देह ओघळला होता. निवडणुका ते केव्हाच हरले होते. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "मास्तर, जरा घरापर्यंत सोडता का? गुडघा लय दुखायलाय. एकट्याला चालवना."

"चला की, साहेब," सर म्हणाले. "धरा हात."

मी गाडीत चढले आणि मागच्या खिडकीपाशी बसले. अप्पासाहेबांचा वाडा फाट्याच्या उजवीकडं, समोरच दिसत होता. ते दोघं डावीकडं, सरांच्या घराच्या वाटेला लागले. एक काडी, एक पोतं. सर ओढतील तसे अप्पासाहेब एका पावलाला इकडं आणि एका पावलाला तिकडं डुलत होते.

"बगून चाला, साहेब," सर सांगत होते, "हितं खड्डा हाय. हात सोडू नका."

"न्हाई सोडत," अप्पासाहेब म्हणाले.